राहीबाई विसावा केंद्र

नावावरून सभा तिसऱ्यांदा अडली, तोवर कांदाभजी संपली होती.

बोरखडी ग्रामपंचायतीला कोरोनानंतर गाव सावरण्याचा आराखडा तालुक्याला द्यायचा होता. गाव सावरायचं राहिलं बाजूला, कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून माणसं हमरीतुमरीवर आली होती. सरपंच संयोगिताताई गप्प होत्या, त्यांच्या वतीनं त्यांचे मालक बोलत होते. गावातली सतरा माणसं दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि यांना वेशीला कमान हवी होती.

इतिवृत्त लिहिणाऱ्या कुणालला या सगळ्याची किळस आली. पण तो पडला ग्रामपंचायतीचा क्लार्क. ती गिळून तो लिहीत राहिला.

आराखड्यातलं एकच कलम त्यानं स्वतः घुसवलं होतं. विसावा केंद्र. घरातलं कर्तं माणूस गेल्यानं दिवसभर एकट्या पडणाऱ्या म्हाताऱ्यांना बसायला, जेवायला हक्काची जागा. त्याचा बाप दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हापासून आजी बाळाबाई दिवसभर घरात एकटी असायची. मागच्याच आठवड्यात ती न्हाणीत पडली, आणि संध्याकाळी कुणाल परत येईपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून होती. हे केंद्र झालं नाही तर पुढच्या वेळी काय होईल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

जागा देणार होता उपसरपंच राजवर्धन. रस्त्यालगतचे पाच गुंठे, आणि अट एकच. दारावर त्याच्या आईचं नाव पाहिजे.

"माजी आई कोरोनानं नेली," तो म्हणाला. "तिच्या नावानं गावची म्हातारी मानसं जेवली, तर तिच्या आत्म्याला शांती मिळंल."

त्यानं रुमाल डोळ्यांना लावला. मग त्याच रुमालानं बोटांचं तेल पुसलं.

या नावाला मात्र कुणी हरकत घेतली नाही. राहीबाईचं दहावं अख्ख्या गावानं मोबाईलवर पाहिलं होतं. त्या दिवसांत प्रेत कुणी घरी आणत नव्हतं, तोंड बघायलाही जात नव्हतं. तिकडे परस्पर जाळायचे आणि इकडे नदीवर पिंड ठेवायचे. राहीबाईच्या पिंडाला तर लगेच कावळा शिवला होता. म्हातारीचा जीव कशात अडकला नाही, असं बाया कितीतरी दिवस कौतुकानं बोलत होत्या.

फाईल तालुक्याहून आठ दिवसांत परत आली. ज्यांचं नाव द्यायचं, त्यांचा मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता.

कुणालनं गावातली नोंदवही उलटीपालटी केली. राहीबाईची नोंदच नव्हती. त्यानं विचारलं तर राजवर्धन वैतागला.

"टाक की रं अंदाजानं एक तारीक. वीस मे टाक. कोन बगतंय?"

खोटी नोंद सापडली असती तर फाईल कायमची बसली असती, आणि तिच्याबरोबर विसावाही. शिवाय कुणालला कामाची रीत माहीत होती. माणूस जिथं मरतं, तिथं त्याची नोंद होते. राहीबाईला आजारपणात इस्लामपूरला नेलं होतं, म्हणून त्यानं तिथं जाऊन चौकशी केली. तिला ठेवलेल्या खासगी दवाखान्याच्या जुन्या वहीत 'आटपाडीला हलवले' एवढाच शेरा होता, आणि सोबत नेणारी म्हणून हरणाबाई हे नाव. त्या काळात खाट मिळेल तिकडे माणसं हलवत होते, त्यामुळे त्यात त्याला वावगं वाटलं नाही. हरणाबाई त्या वेळी तिथं झाडलोट करायची, असं दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं. तिचा आटपाडीकडचा पत्ताही दिला.

आटपाडीला जातोय म्हणून त्यानं राजवर्धनला फोन केला.

"न्हाई जायाचं," राजवर्धन तिकडून म्हणाला. "गेलास तर जागा इसर. मी न्हाई देत."

त्याला कशाची धास्ती आहे, हे कुणालला उमगलं. सख्ख्या आईचं प्रेत ताब्यात घ्यायला हा गेला नसणार. परक्या झाडूवालीनं शेवटचं पाणी पाजलं असेल, आणि ते आता गावभर होईल. कुणालला पुन्हा तीच किळस आली. पण आजी डोळ्यांपुढं होती. गुपचूप दाखला आणावा, फाईलला जोडावा, कुणाला काही बोलू नये, म्हणजे याचीही अब्रू झाकेल आणि जागाही हातची जाणार नाही, असं त्यानं ठरवलं. मोटरसायकल त्यानं विट्याच्या रस्त्याला घातली.

विटा मागं पडलं तसा ऊस संपला. मग बाभळी आणि मेंढरं. हरणाबाईचं घर वस्तीच्या शेवटी होतं, दोन पत्र्यांचं. ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. कुणालनं बोरखडीहून आल्याचं सांगितलं, ग्रामपंचायतीचं काम सांगितलं, गावात म्हाताऱ्यांसाठी केंद्र होतंय तेही सांगितलं.

"राहीबाईंच्या मृत्यूचा दाखला हवाय, मावशी. शेवटी त्यांच्याजवळ तुमीच होता म्हणे."

हरणाबाईनं सूप खाली ठेवलं. तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याला मान खाली घालावी लागली. मग ती आत वळून म्हणाली, "आक्का, तुमच्या गावचं मानूस आलंय."

भिंतीला धरत एक म्हातारी बाहेर आली. पदर सारखा करून तिनं डोळ्यांवर हात धरला आणि कुणालच्या मागं, रस्त्याकडं पाहिलं.

"राजवर्धननं धाडलं व्हय तुला?" तिनं विचारलं. "रोग सरला की न्यायला येतो म्हनला हुता. सरला का रं बाबा?"