सहा बायका, तीन तास

"पिशवीत काय आहे?" हिरेगौडर सरांनी विचारलं.

"मोगऱ्याच्या कळ्या," जलजा म्हणाली. "बोलता बोलता बांधत बसले तर चालेल ना, सर?"

सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. खरंच कळ्या होत्या, वर ओलं फडकं. गदगहून उडुपीकडं बदली होऊन आलेल्या या माणसाला संशय यायला एरवीही कारण लागत नसे. आज तर टेबलावर चांगली सात कारणं पडली होती. आठवीच्या गणिताचे सात पेपर. चौथ्या प्रश्नाला सातही पोरांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं होतं, आणि सातही एकाच वाडीतली.

त्यात सगळ्यात वरचा पेपर जलजाच्या मुलीचा, रश्विताचा. जिल्ह्याच्या निवासी शाळेसाठी इथून एकच नाव जायचं होतं, ते तिचं. यादी आज दुपारी निघणार. कॉपीचा शेरा पडला की नाव गेलं, पुढचं शिक्षणही गेलं. म्हणून तर शाळा भरायच्या आधीच आईला बोलावणं गेलं होतं.

"प्रश्न वाच," सर म्हणाले.

आईशेजारी उभ्या रश्वितानं वाचला. "सहा बायकांना मोगऱ्याच्या कळ्या बांधायला तीन तास लागतात. बारा बायकांना किती तास लागतील?"

प्रश्न सरांनी स्वतः काढला होता. पुस्तकातला उचलून द्यायचा नाही, पोरांच्या घरातला द्यायचा, याचा त्यांना भारी अभिमान.

"काय लिहिलंस?"

"तीन तास."

"महिनाभर घसा फोडून व्यस्त प्रमाण शिकवलं. बायका दुप्पट, तर वेळ निम्मा. बाकीच्या वर्गानं दीड लिहिलंय. तुम्हा सात जणांनाच तीन कसं सुचलं?"

"आपलं आपणच सुचलं, सर."

"हो का? सात जणांच्या स्वप्नात एकच देव आला होता वाटतं!"

"अहो, पण तुम्हीच त्यांना लांब लांब बसवलं होतं ना?" कोपऱ्यातून हेडबाई जुलियाना म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतोय, बाई! आतून जमलं नाही, म्हणजे बाहेरून कुणीतरी सांगितलं. मी खिडकीचे गजसुद्धा तपासलेत."

जलजानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. ही तिसरी वेळ. सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, ते मनाशी म्हणाले.

"घाई दिसतेय, अक्का?"

"आहे की. नऊला फुलांची गाडी येते. ती चुकली की कळ्या उमलल्याच म्हणून समजा. उमललेल्या फुलाला कुत्रंही विचारत नाही."

सरांना ही चांगली संधी वाटली. त्यांनी रश्विताला गप्प राहायची खूण केली आणि अगदी गोड आवाजात आईला विचारलं, "मग तुम्हीच सांगा. सहाच्या जागी बारा बायका बसल्या, तर किती तास लागतील?"

"तीन."

"घ्या!" सरांनी टेबलावर हात आपटला. "आईलाही पढवून आणलंय!"

जलजाची बोटं थांबली. केळीच्या सोपाचा धागा तसाच लोंबत राहिला.

"मला कोण पढवणार? सहाला कळ्या खुडून होतात आणि नऊला गाडी येते. मधे तीनच तास असतात. बायका जास्त आल्या तर शेजारणीच्याही कळ्या बांधून होतात. कमी आल्या तर उरलेल्या टोपलीतच राहतात. गाडी काय बायका मोजून येते?"

हेडबाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर मात्र हार मानणारे नव्हते. पढवलेला पोपट चार वाक्यं बोलणारच. त्यांनी पाठ्यपुस्तक ओढलं, पानं उलटली आणि रश्विताकडं वळले.

"सहा गवंडी एक भिंत तीन दिवसांत बांधतात. बारा गवंडी?"

"दीड दिवसात."

कागद नाही, पेन नाही, बोटं मोजणं नाही. सर खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे तुला येतंय! सगळं येतंय! मग कळ्यांना काय धाड भरली होती? तिथं दीड का नाही लिहिलंस?"

पोरीचे डोळे भरून आले होते. नाव गेलं असंच तिनं धरलं होतं. पण सर एवढी साधी गोष्ट का विचारताहेत, हेही तिला कळेना.

"भिंत उमलत नाही ना, सर."

हेडबाईंनी रुमाल बाजूला केला. सर खाली बसले. प्रश्नपत्रिका जवळ घेऊन त्यांनी आपलाच चौथा प्रश्न पुन्हा वाचला, पहिलीतल्या पोरासारखा, ओठ हलवत. मग निवासी शाळेची यादी पुढं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही आधी निघा, अक्का," ते म्हणाले. "सही काय, उमलत नाही."