घरघरणारी लेन्स

"आवाज करणारी हवी?" दुकानदाराने पुन्हा विचारलं. "लोक बिनआवाजाची मागतात, काका."

"मागू देत," काका म्हणाले. "मला घरघरणारीच दाखवा. जुनी, स्वस्तातली. पक्ष्यांच्या फोटोंसाठी."

आधीची लेन्स गेल्या आठवड्यात काकांच्याच हातून पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून काकू गॅलरीत आल्या नव्हत्या. चहा तसाच गार व्हायचा, बोलणं हो-नाही एवढंच. काकांच्या जिवाला घोर लागला होता.

पक्ष्यांचं वेड मुळात काकूंचं. सगळा संसार त्या फोटो काढत पुढे आणि काका बॅग धरून मागे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा काकांकडे दिला. "आता तुम्ही काढा, मी शेजारी बसते," म्हणाल्या.

दुकानात दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. उन्हात धूळ सावकाश तरंगत होती. दुकानदार एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावून फिरवून दाखवायचा आणि काका डोळे मिटून ऐकायचे. चौथीला त्यांची मान हलली.

"हीच."

"अहो, हिच्यात बुरशी धरलीय. फोटो धूसर येतील."

"येऊ देत."

"आणि या घरघरीनं पक्षी भुर्रकन उडेल."

"तो नाही उडायचा. खंड्या आहे, आमच्या ओळखीचा. समोरच्या झाडावर बसतो."

दुकानदार हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं असं ऐकलं होतं. वाकडंच अंगण द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

काकाही हसले. लेन्स त्यांनी रुमालात गुंडाळून पोटाशी धरून घरी नेली.

संध्याकाळी गॅलरीत मऊ, पिवळसर उजेड होता. काकांनी दोन खुर्च्या मांडल्या आणि काकूंना हाताला धरून बाहेर आणलं. काकू खुर्चीची पाठ चाचपून बसल्या. डोळ्यांत अंधार उतरून तीन वर्षं झाली होती, पण कान तिखट होते.

काकांनी कॅमेरा उचलला. लेन्स घरघरली. मग खट्‌ झालं.

काकूंचा चेहरा आठ दिवसांनी उजळला. "आला?"

"आला. चोचीत मासा आहे."

"मोठा?"

"त्याच्याएवढाच. गिळता गिळेना त्याला."

काकू खुदकन हसल्या. काकांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी लागोपाठ आणखी दोन खटके दाबले.

"बसलाय कुठं?"

"नेहमीच्याच फांदीवर. तळ्याकडच्या."

काकूंनी काकांचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला.

"ते झाड गेल्या वर्षीच तोडलं, अहो. दिवसभर करवत ऐकत होते मी," त्या म्हणाल्या. "काढा, अजून एक काढा."