चार पदरी पाकीट

मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे. निवृत्त फोरमनसाहेबांनी ॲल्युमिनियमच्या कागदाचे चार पदरी पाकीट केले, त्यात आपला मोबाइल घातला आणि घरच्या फोनवरून त्याला दहा वेळा कॉल लावला. दहाही वेळा तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर निघाला.

बायपास झाल्यापासून मुलगी त्यांचा ठिपका आपल्या मोबाइलच्या नकाशावर पाहत असे. कुठे पाच मिनिटे रेंगाळले की फोन येई, "बाबा, बेकरीसमोर का उभे आहात? नुसतं बघायचंही नाही."

आज त्यांना जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये दोन तास पत्ते कुटायचे होते, एखादी सिगारेटही ओढायची होती. मोबाइल पाकिटात घालायचा कुठे, याचाही त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. घरात घालावा तर संशय, वर्कशॉपपाशी घालावा तर पत्ता उघड. म्हणून त्यांनी वाटेतली अशी जागा निवडली, जिथे उगाच कोणी फिरकत नाही: स्मशानाचे फाटक.

पाच वाजता ते खुशीत परतले. दारात चपलांचा खच पडला होता. शेजाऱ्यांनी त्यांना पाहून हातातली फुले पाठीमागे लपवली.

"तुमचा ठिपका स्मशानात जाऊन विझला हो, बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

"आलात ते बरं झालं," पत्नी म्हणाल्या, "पण भावजींनी चार दिवसांची रजा टाकलीय, त्यांना आता काय सांगू?"

फोरमनसाहेबांनी सवयीप्रमाणे मोजदाद केली. जमलेले एकतीस, रडलेले दोन.