प्लेअरची वायर

नवापूरच्या अमरचंदने सुरतेहून रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याची वायर रेडिओच्या मागे जोडली, तरच गाणं ऐकू येणार होतं. बघायला अर्धी गल्ली जमली आणि रेडिओमागची पाच भोकं पाहून अमरचंदला घाम फुटला.

त्याची बायको तीजाबाई ही जोडणी माहेरी, भावाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात शिकली होती. पण समोर सासरे बसलेले. लग्नाला सहा वर्षं होऊनही घुंघटाआडून तिने त्यांच्यापुढे एक शब्द काढला नव्हता. नवऱ्याची फजिती मात्र तिला बघवेना. त्याने चुकीच्या भोकाशी वायर नेली, की ती दाराआडून बांगड्या वाजवी. चौथ्या भोकाला बांगड्या गप्प राहिल्या. अमरचंदने वायर खुपसली, रेडिओ खरखरला आणि भजन सुरू झालं.

"शेठजी, पोरगा हुशार निघाला!" शेजारी म्हणाले.

"हं. आता आवाज मोठा कसा करायचा?" सासऱ्यांनी विचारलं.

अमरचंदने लगबगीने बटणाला हात घातला.

"तुला नाही विचारलं," म्हातारा दाराआडच्या सुनेकडे वळला. "बिनणी, तू सांग. बांगड्यांनी नको, तोंडाने."