तांदळातलं नाव

तांदळाचं ताट यायला वेळ होता, म्हणून मितालीने शालूवरच लॅपटॉप घेतला. लग्नाची रजा मंजूर होती, पण सॉफ्टवेअरमधल्या 'बग'ला, म्हणजे चुकीला, ते कोणी कळवलं नव्हतं. तिच्या सॉफ्टवेअरमुळे कंपनीचे चाळीस सर्व्हर सकाळपासून अडून बसले होते.

भिलाईच्या सेक्टर दोनमधलं सासरचं, स्टील प्लांटचं क्वार्टर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. आता तिचा नवरा ईशान अंगठीने तांदळात तिचं नवं नाव लिहिणार होता. ईशानला शोभेल असं 'ईश्वरी' तिच्या सासऱ्यांनी, विष्णुरावांनी, ठरवलं होतं. प्लांटातल्या मंडळींसाठी पेढ्यांच्या दोनशे डब्यांवर ते छापूनही आणलं होतं. मितालीला ते नाव अजिबात नको होतं. तिने ईशानला दोनदा सांगून पाहिलं.

"बाबाले कोण सांगन?" तो दोन्ही वेळा म्हणाला.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांचं वच्छला हे नावही छत्तीस वर्षांपूर्वी असंच ताटात लिहून मिळालेलं.

"काय करून राहिली व?" त्यांनी विचारलं.

"आई, मशीन सुरू झाली का नेटवर्कले विचारते, मी कोण? मंग आमचं सॉफ्टवेअर तिले नाव सांगते." मितालीची बोटं चालूच होती. "या मशिनींची जागा बदलली, म्हणून नवीन नावं देल्ली. त्या नादात जुनी पुसल्या गेली. मशीन बिचारी जुन्याच नावानं विचारते, अन् उत्तर येते, या नावाचं इथं कोणी नाही. मंग सुरू कशी होईन?"

वच्छलाबाईंचा हात तांदळात थांबला. "मंग आता?"

"जुनं नाव राहू द्याचं. बस."

तिने एक बटन दाबलं. चाळीसच्या चाळीस सर्व्हर उठले. तेवढ्यात ताट मांडायची हाक आली आणि तिचा चेहरा पुन्हा पडला.

ईशानने अंगठी उचलली. वच्छलाबाईंनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मिताली.

"अवं, पण डबे छापले ना!" विष्णुराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी ऐकलं नाही. ताटाच्या कडेला थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरांत आणखी एक नाव लिहिलं. तारा.

विष्णुरावांनी चष्मा चढवला. वाकून ते नाव दोनदा वाचलं. मग बायकोला विचारलं,

"हे तारा कोन व्हय?"