आत त्रेचाळीस

"माझ्या वहीत बेचाळीस, तुझ्या मशीनमधी त्रेचाळीस." गेटवरून कल्याणकाकांचा फोन होता. "भूत हाय का काय आत?"

"आज अपडेट टाकतेय काका. रीस्टार्ट झालं की आतली यादी कोरी होईल. मग सगळ्यांना परत कार्ड पंच करायला लावा."

"लावतो की. पन मागं तीनदा हेच म्हनालीस."

स्नेहलने फोन ठेवला. श्रीरामपूरजवळच्या त्या दूध प्रकल्पात रविवारी बारा ते दोन एवढीच उसंत मिळायची. सकाळचे टँकर रिकामे झालेले, संध्याकाळचे अजून यायचे. वजनाचा सर्व्हर बंद होऊन नीट चालू झाला. बिलांचाही झाला. राहिला गेटचा, सगळ्यांत जुना.

आज टाळलं, तर उद्या नगरहून दुसरा माणूस येऊन करेल, असं साहेबांनी बजावलं होतं.

तिने पडद्यावरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. गळ्यातलं कार्डाचं पाकीट मुठीत धरून तिने बटण दाबलं.

पडदा काळा झाला. तीन मिनिटं गेली. पाच. पंख्याचा आवाज वाढला, बसला, पुन्हा वाढला. नवव्या मिनिटाला अक्षरं उमटली. आत : शून्य.

आता हायसं वाटायला हवं होतं. ती नुसतीच त्या शून्याकडे बघत राहिली.

माणसं एकेक करून गेटवर येऊन गेली. सगळ्यांत शेवटी ती गेली, कार्ड लावलं, मशीन वाजलं. गेटवरच्या फलकावर बेचाळीस.

"जमलं!" काकांनी वहीत खूण केली. "तुझा बापबी असाच हुता. काम उरकल्याबिगर गेटबाहेर पाऊल टाकायचा न्हाई."

"काका, एवढी बाटली भरून देता?"

काका माठाकडे वळले. मागे मशीन एकदा वाजलं.

परत आले तर फलकाकडे बघतच राहिले. "आयला, परत त्रेचाळीस!"

"जुनं झालंय ना ते. पुढच्या वेळी बघू."

पाण्याचा घोट घेऊन तिने पाकिटाची चेन ओढली. आत दोन कार्डं होती. एक तिचं. दुसरं रंगनाथ ढोकणे यांचं. फेब्रुवारीत बाबांना ॲम्ब्युलन्समधून शेवटचं गेटबाहेर नेलं, तेव्हा ते पंच करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.