जुन्या राउटरचे गिऱ्हाईक

“हा मोठा जरा चालू करून दाखवता का?” जुने राउटर विकत घ्यायला आलेल्या मुलीने विचारले. योगीराजने उत्तर देण्याआधी पुन्हा एकदा खिडकीतून रस्त्याकडे पाहिले.

त्याच्या लग्नासाठी ताडकळसचे पाहुणे दुपार कलल्यावर घर पाहायला येणार होते. वधूचे वडील, चुलते आणि भावकीतली चार जाणती माणसे जीपने येतील, घर पसंत पडले तर मग वधूचा फोटो पाठवतील, असा मध्यस्थ माऊलीचा निरोप होता. झरीतल्या या घराकडे बऱ्याच काळाने एखादे स्थळ वळले होते. मागच्या खेपेस दुसऱ्याच एका मध्यस्थाने योगीराजला पुण्याच्या कंपनीतला अभियंता ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात तो गावोगाव इंटरनेटची जोडणी करून देत असे. खोटे उघडे पडले आणि सोयरीक मोडली.

वडील आबासाहेबांनी या वेळी निक्षून सांगितले होते की, पाहुण्यांच्या दृष्टीस ते फडताळ पडता कामा नये. फडताळात जुने राउटर एकावर एक रचलेले होते. त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत, निळ्या तारा खाली लोंबत. मागच्या पाहुण्यांपैकी एकाने हे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे काय, असे विचारले होते, आणि तो प्रश्न आबासाहेबांच्या जिव्हारी लागला होता. योगीराजने मात्र बंद पडलेल्या कार्यालयांतून आणि भंगारातून एकेक नग पारखून आणला होता, आणि देव्हारा सांभाळावा तसा तो संसार सांभाळला होता. याच यंत्रांवर रात्रंदिवस सराव करून त्याने नेटवर्किंगची परीक्षा दिली होती. आता मन घट्ट करून त्याने मोबाइलवर विक्रीची जाहिरात टाकली, आणि गिऱ्हाईक आले ते नेमके आज, या घटकेला.

मोटारसायकलवरून दोघेच उतरले होते, एक तरुण मुलगी आणि तिचे मामा. कुठून आलात, असे विचारता मामांनी “पूर्णेकडून” एवढेच सांगितले होते.

स्वयंपाकघरातून कमलबाईंनी हळूच विचारले, “पाव्हणे आले का रे?”

“न्हाई माय, गिऱ्हाईक हाय.”

मग पोह्यांची परात झाकलेलीच राहिली, आणि बाहेर पाण्याचा तांब्या तेवढा आला.

योगीराजने कळ दाबली. मोठ्या राउटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. मुलगी मुळीच दचकली नाही. तिलाही तीच परीक्षा द्यायची होती. नुसत्या संगणकावरच्या आभासी सरावाने तिला एकदा दगा दिला होता, म्हणून खरे यंत्र हाताखाली हवे होते. हा आधी कोणाकडे होता, त्यांनी का काढला, त्यांचा पासवर्ड पुसला आहे का, असे ती एकेक विचारीत गेली. योगीराज उत्तरे देत होता, परंतु त्याचे कान रस्त्याकडे होते. एक ट्रॅक्टर गेला तरी तो उठून उभा राहिला.

मामांना यंत्रात रस दिसेना. विहिरीला पाणी किती असते, रान कोणत्या शिवारात आहे, असे त्यांचे आबासाहेबांशी संथ बोलणे चालले होते. आबासाहेब हो-ना करीत होते आणि मधूनच मुलाकडे डोळे वटारीत होते.

“मला हाच बरा वाटायलाय,” मुलगी मोठ्या राउटरवर हात ठेवून म्हणाली. “न्यावा का?”

आबासाहेब मुलाजवळ सरकले. “दे अन् मोकळा हो,” ते पुटपुटले. “पाव्हणे इतक्यात येतील.”

एक होकार दिला असता तर फडताळातला सर्वांत अवजड नग घराबाहेर गेला असता. योगीराजने रस्त्याकडे पाहिले, मग तिच्या हाताकडे.

“हा नेऊ नका,” तो म्हणाला. “घंटाभर चालला की तापतो अन् आपोआप बंद पडतो. जाहिरातीत म्या ह्याचं नावच टाकलं न्हाई. ते दोन लहान घ्या. एकट्या राउटरवर काय शिकणार तुमी? बोलायला समोर दुसरा लागतोच.”

“पण हा दिसायला लय भारी हाय.”

“दिसण्यावर जाऊ नका.”

आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. मामा मात्र प्रथमच मनमोकळे हसले. “असं खरं बोलून धंदा कसा व्हायचा, पाव्हणं?”

परक्या घरी येऊन घरच्यालाच पाव्हणं म्हणणाऱ्या या गृहस्थाची योगीराजला क्षणभर गंमत वाटली. मुलगीही मान खाली घालून हसत होती. आजच काय ते कळवते, असे म्हणून तिने कमलबाईंना वाकून नमस्कार केला. मोटारसायकल निघून गेली. फडताळ होते तसेच भरलेले राहिले.

त्यानंतर बापलेकांनी घाईघाईने फडताळावर चादर टाकली. कमलबाईंनी पोहे पुन्हा परतले. योगीराज दारात उभा राहिला, आत आला, पुन्हा दारात गेला. सावल्या लांबल्या, गुरे परतली, देवापाशी दिवा लागला. जीप आली नाही. पाहुण्यांनी वाटेतच कोणाकडे चौकशी केली असेल आणि परस्पर माघारी वळले असतील, असे आबासाहेब म्हणाले.

फोन वाजला तेव्हा तिघेही एकदम उठले. माऊलीचा होता. योगीराजने तो कानाला लावला आणि नकार ऐकण्याची तयारी करून उभा राहिला.

“जीपची वाट बघू नका, घर पोरीनंच बघितलं. मामा तेवढे रुसलेत, नुसत्या पाण्यावर वाटंला लावलं म्हणून,” माऊली सांगत होता. “पर पोरगी म्हणती, त्यातलं एक बी यंत्र इकू नका, लगीन झाल्यावर सरावाला लागतील.”